जोडीनं जायला निमित्त लागतं

कंधारचा किल्ला, उदगीरची लढाई असा एखादा भाग झाला की तुमचे मेसेज येतात, आता पुढचा किल्ला कुठला? आज किल्ला नाही. आज फिरायला जायचंय. नवरा-बायकोनं, किंवा लग्न ठरलेल्या दोघांनी, संध्याकाळी घराबाहेर पडायचं, काहीतरी खायचं, गप्पा मारायच्या, परत यायचं. एवढंच. पण एवढंच करायला आपल्या मराठवाड्यात किती पिढ्या गेल्या, त्याचा हा इतिहास आहे.

आधी सांगून टाकतो. मी लातूरचा, बायको नांदेडची. ज्यांना या दोन गावांचं नातं माहीत आहे ते आत्ता हसले असतील. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर मोर्चे निघालेले आहेत. दोन्ही गावांनी राज्याला मुख्यमंत्री दिले, तेही मोजून सांगतात. आणि गंमत म्हणजे या दोन शहरांमध्ये आजही सरळ रेल्वे नाही. परळी, परभणी, पूर्णा असा वळसा घालून जावं लागतं. म्हणून आमचं लग्न एसटीनं जमलं. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. तीन तास, कधी साडेतीन.

तर माझा मुद्दा असा की आपल्याकडं जोडप्याला 'नुसतं' बाहेर जाता येत नव्हतं. निमित्त लागायचं. आणि आज आपण जिथं फिरायला जातो ना, त्या जागा बघा. त्यातली जवळपास एकही फिरण्यासाठी बांधलेली नाही.

माझ्या आजी-आजोबांचं लग्न १९६२ चं. आजीला मी एकदा विचारलं, तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठं गेलात? ती म्हणाली, पंढरपूरला. लग्नानंतर दोन वर्षांनी. गेले कसे? बार्शी लाईटनं.

ही बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी रुळांवरची छोटी रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत पहिला टप्पा सुरू झाला, १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं, १९११ मध्ये गाडी लातूरला आली आणि १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला पोचलं. कंपनीला धान्य आणि कापूस हवा होता, आणि वारकरी हवे होते. माझी आजी तिच्या हिशेबात नव्हती. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, तरी लोकांच्या तोंडात नाव बार्शी लाईटच राहिलं. गाडी इतकी सावकाश, की उतरून शेतातला हरभरा उपटावा आणि परत चढावं, असं आजोबा सांगायचे. यात खरं किती ते तुम्ही ठरवा.

आजीला मी पुढं विचारलं, मग गोलाईला, बाजारात, दोघं मिळून कधीच नाही गेलात? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी भलतंच बोललो. "देवाला जोडीनं जावं लागतंय. बाजारला जोडीनं कामून जावं?"

हे वाक्य मला फार आवडतं. त्यात सगळा कायदा आलाय. देवाच्या दारात नवरा-बायको शेजारी उभे राहिले तर पुण्य, आणि चहाच्या टपरीवर उभे राहिले तर चर्चा. म्हणजे दोघांना एकत्र प्रवास करायची, खिडकीतून एकच गाव बघायची, शिदोरीतली भाकरी वाटून खायची परवानगी विठोबानं दिली. आणि तिथंही गाडीत आजी बायकांत बसली होती, आजोबा बाप्यांत. बार्शीला गाडी थांबली तेव्हा आजोबांनी खिडकीतून तिला पेरू दिला. साठ वर्षांनंतरही तिला तो पेरू आठवत होता.

आता गोलाई. लातूरच्या पोरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गंजगोलाई म्हणजे शहराच्या मधोमध गोल, दुमजली बाजारपेठ, मध्यभागी जगदंबेचं मंदिर, आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. एकेका रस्त्यावर एकेक माल. सोनं, कापड, चप्पल, गूळ, मिरची. मुख्य इमारत १९१७ ची. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. तेव्हा लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव. जिल्हा व्हायला १९८२ चा पंधरा ऑगस्ट उजाडला. रेल्वे आली १९११ ला आणि गोलाई उभी राहिली १९१७ ला, हा क्रम लक्षात ठेवा. गंज म्हणजे धान्याचा बाजार. ही सगळी गोलाई पोत्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी आखलेली.

पण मध्ये देवी आहे! आणि देवी असली की बाई घराबाहेर पडू शकते. माझी आई नवरात्रात ओटी भरायला जायची आणि वडील सोबत असायचे. 'सोबत' म्हणजे दहा पावलं पुढं. आई मागून. गोल रस्त्यावर दहा पावलं पुढचा माणूस वळणाआड जातो, तेव्हा आई मुद्दाम बांगडीवाल्याकडं थांबायची आणि वडिलांना परत यावं लागायचं. हा त्यांचा खेळ होता, असं मला आता वाटतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, भांडण चाललंय.

आजच्या गोलाईत गाड्या, हॉर्न, रस्त्यावर आलेला माल. मला तरी तिथं बायकोचा हात धरून चालता येत नाही, आणि याचं कारण समाज नाही, रिक्षा आहेत. लातूरची पोरं म्हणतील, मग नाना-नानी पार्कला जा ना. जातो की. नाव नाना-नानींचं आणि बाकांवर बसलेली सगळी नीटची तयारी करणारी नातवंडं. लातूर पॅटर्नचा हाही एक निकाल.

बाहेर खायचं म्हटलं तर आणखी एक गोष्ट होती, 'फॅमिली रूम'. तुमच्यातल्या विशीतल्या लोकांनी ती पाटी पाहिली असेल, पण तिचा अर्थ माहीत नसेल. हॉटेलात मागच्या बाजूला प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा. बाई सोबत असली की वेटर न विचारता तिकडं नेणार. पडद्याआड डोसा खायचा. बाईनं चारचौघांत खाणं वाईट, हे मनात इतकं पक्कं की हॉटेलवाल्यानं त्यासाठी फर्निचर केलं! आणि फॅमिली म्हणजे कोण, तर गळ्यात मंगळसूत्र पाहिजे. साखरपुडा झाल्यावर आम्ही दोघं अशा एका हॉटेलात गेलो. गाव सांगत नाही. मालकानं हिच्या गळ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, जागा नाही. सगळे पडदे उघडे होते, आत कोणी नव्हतं.

त्या दिवशी ही मला म्हणाली, चल, तुला एका ठिकाणी जेवायला घालते. तिथं कोणी काही विचारत नाही. आणि नांदेडला मला लंगरला घेऊन गेली.

इथं थोडा थांबतो, कारण नांदेडचा हा इतिहास शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बादशाह बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदावरीकाठी राहिले. इथंच त्यांना माधोदास बैरागी भेटला, जो पुढं बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला. इथंच, ऑक्टोबर १७०८ मध्ये, गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि देह ठेवला. आजची सचखंडाची इमारत १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधवली. पंजाबचा राजा, निजामाच्या मुलखात. २००८ मध्ये गुरुगादीला तीनशे वर्षं झाली तेव्हा नांदेडचे रस्ते आणि घाट नव्यानं झाले, आणि आज ज्या मोकळ्या रस्त्यांवर नांदेडकर संध्याकाळी फिरतात त्यातले बरेचसे त्या सोहळ्याची देणगी आहेत.

एक गोष्ट मात्र मला हिनं सांगेपर्यंत माहीत नव्हती. गुरूंच्या पत्नी माता साहिब याही नांदेडपर्यंत सोबत आल्या होत्या. शहराबाहेर गोदावरीकाठी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तिथं त्यांचा मुक्काम होता आणि त्या लंगर चालवत, असं परंपरा सांगते. शेवटचे दिवस जवळ आल्यावर गुरूंनी त्यांना दिल्लीला पाठवलं. पंजाबपासून गोदावरीपर्यंत जोडीनं केलेल्या त्या प्रवासाचा परतीचा अर्धा भाग एकटीचा होता.

लंगरला गेलो तेव्हा डोक्यावर रुमाल बांधायचा होता. मला जमेना. हिनं सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला रुमाल बांधला आणि कोणी वळूनही बघितलं नाही. पंगतीत मांडी घालून बसलो. आमच्या एका बाजूला ट्रकड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं आलेलं कुटुंब. दोन्ही हात पुढं करून रोटी घ्यायची. डाळ, भात, परत डाळ. वाढणारा एकच प्रश्न विचारतो, अजून हवं का? आडनाव नाही, नातं नाही, गळ्याकडं नजर नाही. मी शीख नाही, फारसा देवभोळाही नाही. पण मराठवाड्यात दोन माणसांना शेजारी बसून, पडद्याशिवाय, उघड्यावर जेवता येतं अशी जागा गेली तीनशे वर्षं इथं आहे, आणि आम्ही लातूरकर फक्त आयुक्तालयावरून भांडत बसलोय, हे मला त्या दिवशी लागलं.

हे सगळं २०१६ च्या सुरुवातीचं. लग्न मे महिन्यात ठरलं होतं. पण तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. म्हणजे पाणी भरायलाही पाच जणच! मंगल कार्यालयवाला म्हणाला, हॉल देतो, पाण्याचं तुम्ही बघा. दोन्हीकडच्या मोठ्यांनी लग्न पुढं ढकललं.

१२ एप्रिलला पहिली पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून, दहा टाक्या, पाच लाख लिटर. मी बघायला गेलो होतो. आणि तिथं माझ्या डोक्यात आजीचा नकाशा उलगडला. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. अडीच फुटी रूळ गेले, २००८ च्या सुमारास मोठी लाईन झाली, थोडी वाट बदलली. पण रेघ तीच. जिच्यावरून आजी-आजोबा देवाला गेले, तिच्यावरून आता पिण्याचं पाणी येत होतं. त्या महिन्यांत लातूरमध्ये नवरा-बायको रोज जोडीनं घराबाहेर पडत होते. स्कूटरवर मधे घागर, मागं ती, हँडलला दोन कॅन. कुणाला काही निमित्त सांगावं लागत नव्हतं.

मग पाऊस आला, धरण भरलं. डिसेंबरात आमचं लग्न झालं, तेही नोटबंदीत, आहेराची पाकिटं उघडली तर निम्म्यांत चेक. आणि लग्नानंतरची आमची पहिली सहल म्हणजे येळवस.

येळवस, वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या. सीमेपलीकडून, कन्नड मुलखातून आलेला सण. त्या दिवशी दुपारी लातूरच्या रस्त्यांवर क्रिकेट खेळता येतं, कारण शहर शेतात गेलेलं असतं. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा नवरा-बायकोनं जोडीनं करायची. मग अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही तेलात तळायची भजी नव्हे बरं का. तूर, वाल, हरभरा, शेतात असेल तो ओला दाणा आणि पालेभाजी, चिंच घालून शिजवलेली. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. ही ते बघून म्हणाली, "म्हणजे तुमचा पण लंगर आहे की!" मी म्हटलं, वर्षातून एकदाच. "मग आमचा रोज," नांदेड जिंकलं.

आता आम्ही मोटारसायकलवर कुठंही जातो. औसा, खरोशाच्या लेण्या, विष्णुपुरीला धरणाच्या पाण्याकाठचं काळेश्वर, देगलूर नाक्याची बिर्याणी. किल्लारीकडं मात्र फिरायला म्हणून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट माझ्या आईनं पाहिलीय. त्या वाटेनं गेलो तर थांबतो, पाया पडतो, निघतो. बाकी कुठंही निघालो की आई नारळ हातात देतेच, "निघालाच आहात तर देवाला फोडा." तिला आमच्यासाठी निमित्त द्यावंसं वाटतं. आम्ही घेतो.

पण एक अडचण आहे. ज्या चुलत्याच्या शेतात आम्ही येळवस करायचो, ते यंदा एनए झालंय. रिंगरोडच्या कडेला, तीस बाय पन्नासचे प्लॉट. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बघायला गेलो. काळ्या मातीत प्लॉटच्या कोपऱ्यांना दगड रोवलेत, चुन्यानं रंगवलेले. हिनं एका प्लॉटचे मोजले. चार भरले.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, तुम्ही दोघं पहिल्यांदा जोडीनं कुठं गेलात, काय खाल्लंत. त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आणि लातूरजवळ कुणाचं शेत अजून शेत असेल तर तेही कळवा. कोप आम्ही बांधू, भज्जीचं आम्ही आणू.