पहिल्या सेक्टरातला सातबारा

चिखलीकडच्या आमच्या विहिरीवरची मोटर बरेच दिवस बंद राहिली की नुसती गरगरते, पाणी ओढत नाही. मग वरून घागरभर पाणी ओतून तिला पाणी पाजावं लागतं. पाणी काढायला आधी पाणी हवं. खालचा फुटव्हॉल्व्ह, ज्याला शेतात सगळे फुटबॉलच म्हणतात, धड असला तर ते पाणी पाइपात टिकतं आणि पुढच्या वेळी बटण दाबताच धार लागते.

संगणकाची अडचण नेमकी हीच. प्रोग्राम मेमरीत आणायचा तर तो आणणारा कुणी तरी आधी मेमरीत असायला हवा. 1952 च्या आयबीएम 701 वर त्यासाठी ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की कार्डावरचा 36 बिटांचा पहिला शब्द आत यायचा, त्यातली आज्ञा पुढचे शब्द ओढायची, ते त्याच्या पुढचे. या युक्तीला ‘बूटस्ट्रॅप’ हे नाव पडलं. बूट चढवताना धरायची मागची पट्टी म्हणजे बूटस्ट्रॅप; तीच ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, ही अशक्य गोष्टीसाठीची तिकडची जुनी म्हण. पुढे पट्टी गळाली, बूट राहिला. आज मेहकरच्या दुकानातला पोरगाही ‘मशीन बूट होईना’ असं सहज म्हणतो.

एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रश्न आधी नव्हताच. 1981 च्या आयबीएम पीसीत सिस्टिम फ्लॉपीवर असायची. डॉसची फ्लॉपी घातली की डॉस; सीपीएम-86 ची घातली की तेच मशीन सीपीएमचं. मार्च 1983 मध्ये पीसी एक्सटी आला, पोटात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. ही काही फ्लॉपीसारखी काढ-घाल करायची वस्तू नव्हती. दोघांना एकाच जागेत नांदवायचं तर वाटणी करणं आलं.

ती वाटणी ज्या नोंदीत आहे, ती मला फार आवडते. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर 512 बाइटांचा. त्यातले 446 बाइट मशीन उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, शेवटचे दोन खुणेचे, आणि मधले 64 बाइट म्हणजे चक्क सातबारा. चार खातेदार, प्रत्येकाला 16 बाइट. वाटा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, किती सेक्टरांचा आहे, कोणत्या जातीचा आहे. शिवाय एक बाइट असा, की तो ज्याच्या नावापुढे लागला तोच सुरू होणार. चार वाटे कमी पडू लागले तेव्हा 1987 च्या डॉस 3.3 ने एका वाट्याच्या पोटात आणखी वाटे पाडायची सोय केली. आपल्याकडचे पोटहिस्सेच ते. ज्या वर्षी शेगावात संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, त्याच 1983 मध्ये हा मूळ चार वाट्यांचा तक्ताही जन्मला. म्हणजे पीसीच्या हार्ड डिस्कवर अनेकांनी नांदायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पीसी म्हणजे एकाच सिस्टिमची मालमत्ता, ही समजूत नंतर बाजारात रुजली.

सुरू करताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू मात्र उशिरा आला. लिनक्ससाठी 1992 च्या सुमारास वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिलो लिहिला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर कुठे आहे ते ठिकाण तो टिपून ठेवायचा. कर्नल बदलला आणि लिलोला पुन्हा सांगायचं राहिलं की गाडी अडली. किती पायऱ्या पार झाल्या तितकीच नावातली अक्षरं पडद्यावर उमटायची. ‘एल आय’ एवढंच दिसलं तर दोन अक्षरांपुढे काही घडलं नाही, असं समजायचं. 1995 मध्ये एरिक बोलिन यांनी ग्रब सुरू केला. तो फाइल सिस्टिम स्वतः वाचतो, ठिकाण पाठ करत नाही.

आमच्या घरी ग्रब 2006 मध्ये पोस्टाने आला. उबुंटू या लिनक्सचे लोक तेव्हा सीडी फुकट पाठवायचे. दादा शिक्षक. त्याच्या मराठी प्रश्नपत्रिका विंडोजमधल्या जुन्या फाँटात होत्या. लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मला मात्र युनिकोडात मराठी लिहायचं होतं. दोघांना दोन सिस्टिम लागणार, हे उघडच होतं. भारनियमनाचं वेळापत्रक बघून रात्री अकराला पार्टिशन पाडायला बसलो. शेजारच्या वाट्यात डेटा असताना धुरा सरकवायचा आणि मध्येच वीज गेली तर सगळंच जायचं. दीड तास मी पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होतो.

वर्षभराने व्हायरस आला म्हणून दादाने मशीन दुकानात नेलं. विंडोज नव्याने टाकून आलं आणि मेनू गायब. लिनक्स गेलं असं मी धरून चाललो. दादा घाबरून म्हणाला, “माह्ये पेपर गेले काय रे?” ते डी ड्राइव्हवर शाबूत होते. मग त्याच पोस्टाच्या सीडीने मशीन उठवलं, वाटे तपासले, तर माझं लिनक्सही जागेवर. पुसले गेले होते ते फक्त पहिले 446 बाइट. सातबारा तसाच होता, दारावरची पाटी तेवढी बदलली होती. ग्रब पुन्हा बसवायला दोन मिनिटं लागली.

आता नव्या मशीनवर, बटण दाबताच सुरू होणाऱ्या जुन्या बायोसच्या जागी युईएफआय आहे, चार वाट्यांच्या जागी 128 ची सोय आहे, आणि प्रत्येक सिस्टिमची उठवायची फाइल आपापल्या फोल्डरात राहते. पाटीवरून होणारी भांडणं बरीच मिटली.

घड्याळाचं मात्र राहिलं. मागच्या वर्षी भाचीच्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम बसवून दिल्या. लिनक्स बंद करून ती विंडोजमध्ये गेली तर सकाळच्या नऊला घड्याळात साडेतीन. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिम मशीनमधलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतात आणि आपली वेळ हिशोबाने काढतात. डॉसला असे वेळेचे विभाग ठाऊकच नव्हते. घड्याळात आहे तीच वेळ, हा वारसा विंडोजकडे आला. दोघांच्या मधलं अंतर बुलढाण्यात बरोबर साडेपाच तास भरतं. लिनक्सला एका ओळीत सांगितलं, की आतलं घड्याळ इथल्याच वेळेचं समज. वेळ दुरुस्त करून पुन्हा विंडोज उघडलं. पडद्यावर नऊ वीस होते, भिंतीवरही नऊ वीस.