जुवावरचा भार आणि मागचे पाटे

कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्या एकत्र येतात. खाली पवनीकडे गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे ३३ दरवाजांमागे पाणी साठू लागले, तशी तालुक्यातली कित्येक गावे उठली आणि जिथे शेते होती तिथे फुगवट्याचे पाणी पसरले. मासेमार ढिवरांचा डोंगा काठालाच बांधलेला असतो. त्याला रस्ता लागत नाही. इंजिनाची फायबरची नाव मात्र ट्रेलरवरून येते. पुराच्या दिवसांत बचावाची नावही रस्त्यानेच आणावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्याने ती निकड पाहिली आहे. म्हणून फोर बाय फोर गाडीने नाव ओढायची तर तिचे मागचे सस्पेन्शन किती आणि कसे वाढवावे, हा प्रश्न इथे केवळ हौसेचा नाही.

या प्रश्नाचे मूळ बैलगाडी भरणाऱ्याला चांगले ठाऊक असते. माल आखाच्या मागे जास्त गेला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. माल पुढे जास्त आला की सारे ओझे बैलांच्या खांद्यावर पडते. चांगला गाडीवान जुवावर थोडा, पण नक्की दाब ठेवतो. नावेचा ट्रेलर म्हणजे एका आखाची बैलगाडीच. त्याचा हुक हे जू आणि ओढणाऱ्या गाडीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) हा बैलाचा खांदा. खांद्यावर किती येते ते ठरल्याशिवाय खांदा बळकट करण्याच्या गोष्टी व्यर्थ आहेत, हे या विवेचनातले माझे मुख्य म्हणणे आहे.

नावेच्या ट्रेलरसाठी हुकावरचा दाब एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के असावा, असे सर्वत्र मानले जाते. नाव, इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून ९०० किलो धरले आणि हुकावर १०० किलो, म्हणजे त्याहून थोडे जास्तच, आले असे समजू. मागच्या चाकांवर नेमके १०० किलोच वाढतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. हुक मागच्या आखाच्याही मागे असतो, त्यामुळे तरफ तयार होते. पुढच्या आणि मागच्या आखातले अंतर ३.१ मीटर आणि मागच्या आखापासून हुक १.२ मीटर मागे असेल, तर मागच्या आखावर सुमारे १३९ किलो वाढतात आणि पुढच्या आखावरून ३९ किलो उचलले जातात. हे ३९ किलोच पुढे त्रास देतात.

एका बाजूच्या पाट्यांचा ताठपणा मिलिमीटरला ३ किलो धरला, तर मागची बाजू २३ मिलिमीटर बसते. पुढची तेवढ्याच ताठ स्प्रिंगवर साडेसहा मिलिमीटर उठते. आकडे किरकोळ वाटतील, पण गाडी सुमारे अर्ध्या अंशाने नाक वर करते आणि ५० मीटरवर दिव्याचा झोत सुमारे ४८ सेंटिमीटर वर जातो. हेडलाइटचा खालचा झोत मुळात शंभराला एकाच्या आसपास उताराने लावलेला असतो. तो उतार जवळजवळ संपतो. रात्री तालुक्यातल्या वेलतूरच्या रस्त्याने समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाचे डोळे त्यामुळे दिपतात. पाटे सुधारण्याचे याहून मोठे कारण मला दिसत नाही.

दुसरा प्रसंग काठावरचा. बांधीव उतार नसला तर नाव गाळातून वर काढावी लागते. चढ सातास एक असेल, तर १९०० किलोची गाडी आणि ९०० किलोचा ट्रेलर मिळून सुमारे ४०० किलोचा ओढा लागतो. ओल्या मातीवर चाकांची पकड वजनाच्या तीन दशांश धरू. मागच्या आखावर सुमारे हजार किलो असतील, तर केवळ मागच्या चाकांनी ३०० किलोच जोर मिळतो. चाके जागीच फिरतात. चारही चाके लावली की २००० किलोंची पकड कामाला येते आणि ६०० किलोंपर्यंत जोर मिळतो. ट्रेलरची चाके काळ्या मातीत रुतली, तर ही शिल्लकही पुरत नाही. पुढच्या चाकांवरचा प्रत्येक किलो येथे मोलाचा आहे आणि हुकावरचा जादा दाब नेमका तोच काढून घेतो.

म्हणून सुरुवात गॅरेजात नव्हे, वजनकाट्यावर व्हावी. आधी एकटी गाडी, मग ट्रेलर जोडून गाडीचे पुढचे-मागचे आख वेगवेगळे काट्यावर घ्यावेत. नावेत गोंधळ करते ते मागे टांगलेले इंजिन. ट्रेलरच्या आखामागे १.८ मीटरवर ९० किलोचे इंजिन असेल आणि हुक ते आख अंतर ४ मीटर असेल, तर ते हुकावरून ४० किलो उचलते. दाब फार कमी झाला की ट्रेलर उलार होतो आणि वेगात शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. पाटे कितीही ताठ केले तरी हे झुलणे थांबत नाही. नाव ट्रेलरवर थोडी पुढे-मागे सरकवणे किंवा इंधनाची टाकी पुढे घेणे हाच त्यावर खरा उपाय. या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

एवढे करूनही मागची बाजू बसत असेल, तर पाट्यांकडे वळावे. बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांना मागे पाटे आहेत. २०१० च्या थारलाही होते. २०२० च्या थारला आणि स्कॉर्पिओ-एनला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. पाट्यांच्या बाबतीत उंची आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने पाटे ठोकून त्यांची कमान वाढवली की गाडी उंच दिसते, पण ताठपणा तोच राहतो आणि थंड ठोकलेला पाटा लवकर पुन्हा बसतो. हा खर्च करू नये.

सारख्या जाडीच्या चार पाट्यांना पाचवा जोडला की ताठपणा एक चतुर्थांशाने वाढतो. जाडीचा हिशेब मात्र घनाचा आहे: ७ ऐवजी ८ मिलिमीटर जाडीचे पाटे घातले तर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. रिकाम्या गाडीत तो बाराही महिने कंबर मोडतो, कारण नाव काही रोज ओढायची नसते. कुहीसारख्या ठिकाणी मला सर्वांत योग्य वाटतो तो मदतीचा पाटा. तो मुख्य पाट्यांपासून थोडे अंतर राखून असतो, रिकामी गाडी त्याला स्पर्शही करत नाही आणि ओझे आले की मगच तो भार घेतो.

कॉइलच्या गाडीत स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवता येते. हवा भरून उंची साधता येते आणि नाव सोडल्यावर हवा कमीही करता येते. पाट्यांच्या पिकअपला हीच पिशवी लावताना मात्र सावध राहावे. पाटा आपला भार चॅसीला पुढच्या पिनेवर आणि मागच्या शॅकलवर, अशा दोन जागी देतो. पिशवी तो मधल्या एकाच जागी ढकलते आणि मागून हुक खाली ओढत असतो. ऑस्ट्रेलियात जास्त ओझ्याच्या डबल कॅब पिकअपची चॅसी केबिनच्या मागे वाकल्याची उदाहरणे घडली आहेत, ती याच प्रकारच्या ताणाने.

शॉकअपचे थोडक्यात. स्प्रिंग पंचवीस टक्क्यांनी ताठ झाली, तर उसळी आवरायला साधारण बारा टक्के जास्त जोर पुरतो, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. मदतीच्या एका पाट्यासाठी मूळ जातीचे नवे शॉकअप चालतात. पाटे दीडपट ताठ केले तर चालत नाहीत. गाडी खड्ड्यातून उसळून पुन्हा उसळते.

या सगळ्याने गाडीची ओझे वाहण्याची मर्यादा किलोभरही वाढत नाही. आख, बेअरिंग, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच असतात. कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. ट्रेलरलाही कायदा मोटार वाहनच मानतो, म्हणून त्याचीही नोंदणी लागते. तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी आणि कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत पाहावी.

पाटा बसल्यावर नाव जोडून हुकाची उंची पुन्हा मोजा. ट्रेलर जमिनीला समांतर राहिला पाहिजे. हेडलाइट त्याच स्थितीत लावून घ्या. आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात.