चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

२०२५ च्या दिवाळीत पुतण्याने माझ्यासमोर तीन माहितीपत्रकं टाकली. टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा आणि किया सोनेट. "अण्णा, यातली कुठली घेऊ ते सांगा." आता मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला. माझा वाहनांशी संबंध म्हणजे आधी सायकल, मग लूना आणि निवृत्तीनंतर एक स्कूटर. पण घरातल्या मोठ्या माणसाला विचारून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. विचारतात, आणि मग करायचं तेच करतात. असो.

मी चष्मा लावून पत्रकं वाचत बसलो. पुतण्याची मुलगी आठवीत आहे, ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तिन्ही गाड्यांची लांबी सारखीच कशी?" बघतो तो खरंच. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर, ब्रेझा ३९९५, सोनेट ३९९५. कंपन्या तीन, त्यातली एक मुंबईची, एक जपानी घराण्यातली, एक कोरियाची. चित्रकार वेगळे, कारखाने वेगळे. आणि लांबी मिलिमीटरपर्यंत एक! मग तिने इंजिनांचे आकडे काढले. नेक्सॉनचं पेट्रोल ११९९ सीसी, सोनेटचं ११९७. डिझेल १४९७ आणि १४९३. "हे दुकानातल्या नव्याण्णव रुपयांसारखं दिसतंय," पोरगी म्हणाली. मंडळी, शिक्षकाला याहून मोठी दिवाळीची भेट कोणती हो!

उत्तर इतिहासात होतं, आणि फार जुन्या नव्हे. २८ फेब्रुवारी २००६ ला पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. आता छोटी म्हणजे कोणती? तर लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेलचं असेल तर १५०० च्या आत. हेतू असा की भारत हा छोट्या गाड्या बनवणारा देश व्हावा. आठ टक्के कर म्हणजे लहान रक्कम नव्हे. त्या दिवसापासून या देशात गाडीचा नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर पेन्सिलीच्या आधी मोजपट्टी आली.

पहिली कात्री चालली ती पुण्यात. टाटांनी २००८ साली इंडिगो गाडीची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली, लांबी ३९८८ मिलिमीटर. पाठीमागून कुणीतरी चपटी मारल्यासारखी दिसायची, पण खपली.

आता आपल्या विषयाकडे येतो, म्हणजे या उंच, जीपसारख्या दिसणाऱ्या छोट्या गाड्यांकडे. यांना क्रॉसओव्हर म्हणतात. जुन्या जीपची बांधणी म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर ठेवलेली पेटी. या नव्या गाड्यांची बांधणी साध्या छोट्या मोटारीची, एकजीव. फक्त उंची वाढवलेली, चाकांभोवती काळं प्लॅस्टिक, बसायला उंच जागा आणि तोंडावर रुबाब. म्हणजे अर्धी जीप, अर्धी छोटी मोटार. आम्ही वेळापूरकर अर्धनारीनटेश्वराच्या गावचे, आम्हाला ही कल्पना समजायला जड जाऊ नये!

चार मीटरच्या आतली अशी पहिली गाडी भारतात कुणी आणली, हे मी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला फोर्डने. चूक. ती आणली प्रीमियरने, डिसेंबर २००९ मध्ये, चिंचवडच्या कारखान्यातून. नाव रिओ.

प्रीमियर म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर फियाट येते. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला आणखी एक नाव आठवायला हवं, वालचंद हिराचंद. हा माणूस १८८२ साली सोलापुरात जन्मला. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटी कामातून वर आला, इथून जवळच इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवलं, जहाजं काढली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. इंग्रज सरकारचं मन वळवता वळवता मोटारीचं स्वप्न बरीच वर्षं लांबलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, पुढे फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ मध्ये गेले, पण ती फियाट पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली.

आमच्या लहानपणी या भागात गाड्यांचे दोनच पक्ष होते. कारखान्याच्या संचालकांकडे अॅम्बॅसडर, डॉक्टरांकडे फियाट. अॅम्बॅसडर गोल, ऐसपैस, इंजिन १४८९ सीसी. मागे चौघं बसले तरी कुणी तक्रार करत नसे. फियाट नेटकी, मागे लहान पंख असलेली, इंजिन १०८९ सीसी. लग्नात नवरदेवाला कुठली गाडी मिळाली यावर वऱ्हाडात चर्चा व्हायची. गंमत बघा, ही फियाट चार मीटरच्या आत होती आणि इंजिनही बाराशेच्या आत. म्हणजे २००६ च्या मोजपट्टीत ती न कापता बसली असती. अॅम्बॅसडर दोन्हीकडून बाहेर!

तर रिओ. तिच्यासाठी जपानच्या दाइहात्सू कंपनीच्या टेरिओस नावाच्या, १९९७ सालच्या गाडीचा साचा आला, तोही चीनच्या झोट्ये कंपनीकडून फिरून. इंजिन फ्रान्सच्या प्यूजोचं, दीड लिटरचं डिझेल, साधारण ६५ अश्वशक्तीचं. याच घराण्याचं इंजिन नव्वदच्या दशकात मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये डिझेलसाठी बसवलं होतं. कल्पना काळाच्या पुढची, अंगावरचा सदरा बारा वर्षं जुना आणि हृदय त्याहून जुनं. अरुंद, उंच, मागच्या दाराला जादा चाक टांगलेलं. मला विचाराल तर दिसायला वाईट नव्हती, प्रामाणिक होती. पण समोर शोरूममध्ये दुसऱ्यांच्या नव्या कोऱ्या गाड्या उभ्या असताना प्रामाणिक चेहऱ्याला कोण विचारतो?

आणि एक घाव असा बसला की त्याची कुठे फारशी नोंद होत नाही. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत धुराचे कडक नियम लागू झाले, भारत स्टेज ४. रिओचं ते पहिलं डिझेल इंजिन स्टेज ३ चं, त्यामुळे त्या शहरांची दारं तिला बंद. दिल्ली, मुंबई, पुणे वगैरे तेरा. आणि त्या तेरांत कुठलं शहर होतं? सोलापूर. कंपनी काढणाऱ्याचं जन्मगाव.

हे मी वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

२०१२ मध्ये रिओला नवं इंजिन मिळालं, फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल. जुनी मैत्री पुन्हा जुळली म्हणा. हे इंजिन म्हणजे त्या काळातलं घरोघरीचं. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत तर होतंच. गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला ते बनायचं. पण तोवर वेळ निघून गेली होती. जून २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि लोकांना वाटलं हा प्रकार तिनेच सुरू केला.

इकोस्पोर्टचं तोंड मोठं, आणि तिच्यात ९९९ सीसीचं एक तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, १२५ अश्वशक्तीचं. लिटरभर इंजिनातून एवढी ताकद म्हणजे टर्बोची करामत, बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून आत जादा हवा कोंबायची. २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं आणि ती गेली.

मार्च २०१६ मध्ये ब्रेझा आली. आता इथे तुलना करण्यासारखं आहे, कारण ब्रेझातही तेच फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल होतं, फक्त ९० अश्वशक्तीचं. म्हणजे रिओ आणि ब्रेझा, हृदयाने सख्ख्या बहिणी! एक घरात बसून राहिली, दुसरी दारोदार पोचली. ब्रेझाचं अंग सरळ रेषांचं, नाकाड सपाट, छत वेगळ्या रंगाचं. तालुक्याच्या गावापर्यंत दुरुस्तीचं जाळं तयार होतं. इंजिन तेच असलं तरी त्याच्या मागे कोण उभं आहे ते गिऱ्हाईक बघतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

सप्टेंबर २०१७ ची नेक्सॉन नेमकी उलटी. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली, छत मागे उतरतं, खिडक्यांखालून पांढरा पट्टा. सरळ रेषा शोधून सापडत नाही. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनं ११० अश्वशक्तीची. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी ठरली. मला स्वतःला ब्रेझाचा सरळपणा आवडतो, पण हे शेवटचं वाक्य मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवलं.

२०१९ ची महिंद्राची एक्सयूव्ही३०० म्हणजे तर कात्रीचा धडाच. कोरियाच्या सांगयोंगची टिवोली ही गाडी सुमारे ४.२ मीटर लांबीची. तीच इथे ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली. चाकांमधलं अंतर तसंच ठेवलं, म्हणून आत माणसं ऐसपैस बसतात, आणि कापलं कुठे? डिकीत. पंढरपूरला जाताना माणसं आरामात, बोचकी मांडीवर.

आपली बोलेरोही यातून सुटली नाही बरं. उसाच्या फडापासून लग्नापर्यंत सगळीकडे दिसणारी ही जीपच्या बांधणीची गाडी ४१०७ मिलिमीटर लांब होती, इंजिन २५२३ सीसी. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली: ३९९५ मिलिमीटर, १४९३ सीसी. आमच्या गावात कुणाला फरक कळलाही नाही, आणि कळणार कसा, पुढचा बंपरच तेवढा आत गेला होता.

२०१७ मध्ये उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, मोजपट्टी तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४०. म्हणजे पूर्वी आठ टक्क्यांचा फरक होता, तो आता बावीसचा झाला. आणि इथेच त्या तीन पत्रकांतला एक आकडा आम्हाला अडला. एप्रिल २०२० मध्ये धुराचे नियम आणखी कडक झाले, मल्टिजेट डिझेल बंद पडलं, आणि ब्रेझाने त्याऐवजी १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन घेतलं. लांबी मोजपट्टीच्या आत, इंजिन बाहेर. म्हणून तिला ४० टक्के. त्या मोठ्या पेट्रोल इंजिनाला टर्बोची गरज नाही, चालायला शांत, कुणाही मेकॅनिकला समजणारं. तरी कर दुपटीहून जास्त. "म्हणजे फक्त २६२ सीसीसाठी?" पोरीने वजाबाकी करून विचारलं. हो, फक्त तेवढ्यासाठी.

पुतण्याला महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं, आणि घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट शेतातली. पालखी मार्ग चौपदरी झाला तरी ती वाट तशीच आहे. त्याने नेक्सॉनचं डिझेल घेतलं. मी सरळ रेषांची बाजू मांडून पाहिली, पण सूनबाईंना तो उतरता पाठमोरा भाग आवडला होता, तिथे इतिहासाचं काय चालणार.

गाडी दारात आली त्या दिवशी हार घालून झाल्यावर पोरगी माझी मोजपट्टी घेऊन बाहेर गेली. एक टोक मला धरायला लावलं. बंपरला गोलाई असल्यामुळे पट्टी नीट बसेना, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी तिने भिंतीला टेकवून गाडी लावायला सांगितली, जमिनीवर खडूने रेघ मारली आणि गाडी मागे घेऊन पुन्हा मोजलं. चार मीटरला बोटभर कमी.