तीन आकडे आणि चौथा

२०११च्या दिवाळीनंतर मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हार्ड डिस्क घ्यायला गेलो आणि हात हलवत परत आलो. दुकानदार म्हणाला, "काका, थायलंड पाण्याखाली आहे. भाव ऐकून घाबराल. थांबा चार महिने." खरेच होते ते. बँकॉकच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहतींत पूर शिरला होता आणि जगभरच्या हार्ड डिस्क व त्यांच्या मोटारी यांचा मोठा वाटा तिथेच तयार होई. मी थांबलो. त्या थांबण्याविषयी शेवटी लिहितो. त्याआधी, अशी डिस्क घेताना आपण ज्या तीन गोष्टी तोलतो, त्या क्षमता, वेग आणि किंमत यांचा इतिहास पाहू.

या कथेचा आरंभ १९५६चा. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन या एकेकाळच्या शाळामास्तरांच्या चमूने 'रॅमॅक' सिद्ध केले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत. वाचणारा हात वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठी आणि मग आत शिरे. क्षमता ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलने काढलेला एखादा फोटोच त्यात जेमतेम मावेल. भाडे महिन्याला ३,२०० डॉलर. पण ग्राहकाला भुरळ पडली ती वेगाची. छिद्रांच्या कार्डांचे गठ्ठे क्रमाने चाळण्याऐवजी कोणतीही नोंद सुमारे ०.६ सेकंदात हाती येई. म्हणजे पहिली डिस्क विकली गेली ती वेगाच्या नावावर.

टेबलावरच्या संगणकात डिस्क आली १९८०मध्ये. ॲलन शुगार्ट यांच्या सीगेट कंपनीची एसटी-५०६ ही डिस्क ५ मेगाबाईटची, ३६०० फेऱ्यांची आणि १,५०० डॉलरची होती. तिच्याशेजारी २००७ची हिताचीची डिस्क ठेवून पाहा. घरगुती संगणकासाठीची ही पहिली १ टेराबाईटची डिस्क ३९९ डॉलरला जाहीर झाली. २७ वर्षांत क्षमता २ लाख पट झाली. मेगाबाईटमागे ३०० डॉलर पडत, ते डॉलरच्या अडीच हजाराव्या भागावर आले. फेऱ्या किती वाढल्या? ३६००च्या ७२००. फक्त दुप्पट.

याचे मूळ भूमितीत आहे. तबकडीवर मजकूर दाटीने बसवायचा तर दोन दिशा असतात: वर्तुळाकार पट्टे एकमेकांच्या जवळ आणायचे आणि प्रत्येक पट्ट्यावरची अक्षरे दाट करायची. क्षमता दोन्हींनी वाढते. वाचण्याचा वेग मात्र दुसरीनेच वाढतो, कारण एका फेरीत हेडखालून एकच पट्टा जातो. उरला उपाय तबकडी जोरात फिरवण्याचा. सीगेटने १९९६मध्ये १०,००० आणि २०००मध्ये १५,००० फेऱ्यांची डिस्क आणली. पण उष्णता, आवाज आणि किंमत इतकी, की त्या बहुतांशी सर्व्हरच्या खोल्यांतच राहिल्या.

घरगुती बाजार तर उलट दिशेने गेला. २००९च्या आरंभी वेस्टर्न डिजिटलने पहिली २ टेराबाईटची डिस्क आणली, ती ५४००च्या आसपास फेऱ्या घेणारी. माहितीपत्रकात फेऱ्यांच्या रकान्यात आकड्याऐवजी 'इंटेलिपॉवर' असा शब्द होता. वेगाचा आकडाच नाहीसा झाला, तरी ग्राहकाने फारशी तक्रार केली नाही. अर्धी फेरी होण्यास ७२००च्या डिस्कला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, ५४००च्या डिस्कला ५.६. सलग मोठी फाइल वाचताना हा फरक फारसा जाणवत नाही. हजारो लहान फायली असतील, तर प्रत्येक फाइलपाशी हात सरकतो, फेरीची वाट पाहतो आणि मिलिसेकंदांचे तास होतात.

यातूनच डब्यावर कधीच न छापलेला चौथा आकडा निघतो: पूर्ण भरलेली डिस्क रिकामी करून घ्यायला किती वेळ लागेल? एसटी-५०६ सेकंदाला ५० लाख बिट देई. कागदावरच्या हिशेबाने सगळी डिस्क ८ सेकंदांत वाचून होई. १ टेराबाईटला, सेकंदाला ८० मेगाबाईट धरले तरी, साडेतीन तास. आजच्या २० टेराबाईटच्या डिस्कला, २५० मेगाबाईटच्या वेगानेही, २२ तास. आतल्या पट्ट्यांवर वेग घटतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. रांजण मोठा होत गेला, तोटी त्या मानाने वाढली नाही.

मला हा आकडा २०१२मध्ये कळला. गावोगावच्या घरांतून मोडी कागदांचे मी काढलेले सुमारे ४०,००० फोटो एकाच डिस्कवर होते. दुसऱ्या प्रतीसाठीची डिस्क पुराच्या भावामुळे राहून गेली होती. एका संध्याकाळी डिस्क टक्‌टक् वाजू लागली. उसनी डिस्क आणून प्रत काढायला घेतली. लहान लहान फायली, अडखळणारा हात. दोन रात्री मी टिकटिक ऐकत बसलो. तिसऱ्या सकाळी ती बंद पडली तेव्हा तिसरा हिस्सा आतच राहिला होता.

त्यात एका घरातले रुमाल होते, वतनाच्या तंट्याचे. मी पुन्हा त्या गावी गेलो. वाटण्या होऊन वाडा उतरवला होता. घरातल्या वहिनी सहज म्हणाल्या, "ते कागद रद्दीत गेले हो. तुमच्याकडे फोटो आहेत म्हणून आम्ही निर्धास्त."

ती डिस्क मी मुद्दाम ७२०० फेऱ्यांची, जास्त पैसे मोजून घेतली होती. त्यात थोडी भर घातली असती, तर संथ फिरणाऱ्या दोन आल्या असत्या. वतनाचा तो तंटा कसा मिटला, हे माझ्या टिपणांत अर्धवटच आहे.