पाळकांच्या हातातली कुदळ

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, व्होज डोंगरांच्या कुशीत 'बाँ द ला रोश' नावाचा मुलूख आहे. जर्मन भाषेत त्याला 'श्टाइनटाल' म्हणतात. जमीन खडकाळ, हिवाळा लांबलचक, पीक जेमतेम. १७५० मध्ये योहान गेओर्ग श्टूबर हे तरुण पाळक इथे रुजू झाले आणि पहिल्याप्रथम शाळा पाहायला निघाले. त्यांची हकिगत पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. एका झोपडीत पोरांचा गोंधळ चाललेला, कोपऱ्यात खाटेवर एक थकलेला म्हातारा. मास्तर तुम्हीच का? हो. काय शिकवता? काही नाही, मलाच काही येत नाही. मग नेमलं कसं? म्हातारा सरळ बोलला: इतकी वर्षं गावाची डुकरं राखली, आता वयामुळे ते झेपत नाही, म्हणून गावानं पोरं राखायला दिली.

श्टूबर यांनी वाचन शिकवण्याची सोपी पद्धत बसवली, शाळेची इमारत उभी केली. पण एका माणसाच्या आयुष्यात पुरे होणारे हे काम नव्हते. म्हणून स्ट्रासबुर्गला परत जाताना त्यांनी आपल्या जागी माणूस शोधला. योहान फ्रीडरिश ओबरलिन, वय सव्वीस. १७४० मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेला, शिक्षकाच्या घरात वाढलेला हा तरुण १७६७ मध्ये या मुलखातल्या वाल्डर्सबाख गावी आला आणि १८२६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, तिथेच राहिला.

त्यांच्याकडे पाच गावे होती: वाल्डर्सबाख, फूदे, बेलमाँ, बेलफॉस आणि सोलबाख. गावांतून बाहेर पडायला धड वाट नव्हती. बाजाराला जायचे तर ब्रूश नदी ओलांडावी लागे आणि पाणी चढले की सगळेच अडकून पडत. ओबरलिन यांनी रस्ता आणि पूल बांधायचा प्रस्ताव मांडला. हे होणे शक्य नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे पडले. तेव्हा पाळकांनी स्वतः कुदळ खांद्यावर टाकली आणि खडक फोडायला सुरुवात केली. हळूहळू माणसे येत गेली. स्ट्रासबुर्गच्या ओळखीपाळखीतून पैसा आणि अवजारे आली, रस्ता झाला, नदीवर लाकडी पूल बांधला गेला. दानावर उभा राहिलेला म्हणून तो पूल 'परोपकाराचा पूल' याच अर्थाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

शेतीच्या बाबतीत त्यांची चाल अधिक धोरणी होती. शहरात वाढलेल्या पाळकाला शेतीतले काय कळते, असे गावकरी म्हणत आणि त्यात वावगे काहीच नव्हते. ओबरलिन यांनी वाद घातला नाही. पाळकगृहाच्या मालकीच्या जमिनीचे जे तुकडे लोकांच्या पायवाटेला लागून होते, तेच त्यांनी निवडले. खोल चर खणले, खत घातले, फळझाडे लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहिले. झाडांनी जोर धरल्यावर लोकच विचारायला येऊ लागले. दृढीकरणाच्या ख्रिस्ती विधीला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने झाडे लावावीत, असा दंडकही त्यांनी घातला. जुने बटाट्याचे बियाणे निकृष्ट झाले होते, तर नवे आणून वाटले. १७७०-७१ च्या टंचाईनंतर त्याचे मोल सगळ्यांनाच कळले.

खोऱ्यात कारागीर मात्र नव्हते. चाक मोडले, खिडकी फुटली की दुरून माणूस आणावा लागे. ओबरलिन यांनी हुशार मुले निवडून स्ट्रासबुर्गला पाठवली. कुणी गवंडीकाम शिकला, कुणी सुतारकाम, कुणी लोहारकाम, कुणी काचकाम. ती परत आली आणि खोऱ्यातला पैसा खोऱ्यातच फिरू लागला. शेतीची अवजारे पाळक स्वतः आणवत आणि गरजूंना खरेदीच्या भावात, फेडीच्या बोलीवर देत. पाळकगृहातच त्यांचा छोटा हातछापखाना होता. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, नकाशे, मुलांसाठीचे खेळ यांनी घर भरले होते. त्यातले पुष्कळसे आज वाल्डर्सबाखच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

तरीही त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. बेलमाँ गावात सारा बान्झे नावाची शेतकऱ्याची मुलगी होती. १७६९ च्या सुमारास ती आपल्या घरी आसपासच्या लहान मुलांना गोळा करून विणकाम शिकवत असे. आईबाप शेतात गेल्यावर ही पोरे उनाडत, त्यापेक्षा सुयांवर हात बसलेले बरे. हे कानावर येताच ओबरलिन तिच्याकडे गेले आणि पगार देऊन तिला या कामावर नेमले. त्यांच्या पत्नी मारी-सालोमे यांनी अशा शिकवणाऱ्या बायांना तयार करण्याची जबाबदारी उचलली आणि गावागावांत अशा खोल्या सुरू झाल्या.

अशा खोलीत हिवाळ्यात मोठी शेगडी पेटलेली असे. मोठी मुले तिच्याभोवती विणत बसत, अगदी लहानगी खेळत. मधूनच बाई एखाद्या प्राण्याचे किंवा झाडाचे चित्र दाखवत, त्याचे नाव आधी गावच्या बोलीत सांगत, मग फ्रेंचमध्ये. मुले तेच म्हणत. मग बायबलमधली एखादी गोष्ट, गाणे, आपल्या गावाचा नकाशा. उन्हाळ्यात रानात जाऊन वनस्पती ओळखायच्या. युरोपातल्या बालशिक्षणाच्या इतिहासात या खोल्यांना पहिल्या बालशाळांचा मान दिला जातो. फ्रीडरिश फ्रेबेल यांची बालोद्याने यायला अजून सत्तर वर्षे होती.

सारा १७७४ मध्ये, तारुण्यातच वारली. तिच्यामागून आलेल्यांत लुईझ शेपलर होती. बेलफॉसची ही मुलगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाळकगृहात कामाला आली. १७८३ मध्ये मारी-सालोमे गेल्या आणि मागे राहिलेल्या सात मुलांचे सगळे लुईझने अंगावर घेतले, गावोगावच्या बालशाळाही चालवल्या. १७९३ च्या नववर्षाला तिने ओबरलिन यांना पत्र लिहून मागितले, की यापुढे मला पगार देऊ नका, मुलगी म्हणून वागवा. त्यांनी ते मान्य केले.

मधल्या काळात वादळे आली. १७७८ मध्ये कवी लेन्झ मनाने ढासळलेल्या अवस्थेत पाळकगृहात येऊन राहिला. ओबरलिन यांनी त्या दिवसांची नोंद ठेवली आणि तिच्यावरून पुढे गेओर्ग ब्यूखनर यांनी 'लेन्झ' ही कथा लिहिली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये ओबरलिन यांना अटक झाली, क्रांतीचा नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडल्यावर सुटका झाली. १८१९ मध्ये त्यांना लीजन ऑफ ऑनर हा फ्रेंच सन्मान मिळाला. अमेरिकेत ओहायोमध्ये १८३३ साली वसलेल्या गावाला आणि तिथल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले गेले.

या पाळकांचे चरित्र सांगताना कुदळीची गोष्ट सगळे सांगतात आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा बेलमाँला दिसतो. विद्यापीठात शिकलेला माणूस एका शेतकऱ्याच्या मुलीच्या घरी जातो, तिचे चालले आहे तेच बरोबर आहे हे ओळखतो आणि तिचे काम ती करते तसेच, मोबदला देऊन, पुढे वाढवतो. त्या काळात खेड्यातल्या मुलीच्या शिकवण्याला किंमत देणारे किती होते?

ओबरलिन गेल्यानंतर तीन वर्षांनी, १८२९ मध्ये, फ्रेंच अकादमीने लुईझ शेपलरला मोंतियों पुरस्कार दिला. शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी पॅरिसच्या सभेत तिच्या कामाचे वर्णन केले. पुरस्कार पाच हजार फ्रँकचा होता. पगार नको म्हणणाऱ्या लुईझने तो पैसाही धर्मादाय कामाला लावला. ती १८३७ पर्यंत जगली.