पासवर्डच्या पहिल्या चोऱ्या

संगणकावर पासवर्ड आला तो गुपितं जपायला कमी आणि वाटणीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून जास्त. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोरबातो यांनी १९६१ मध्ये 'सीटीएसएस' ही प्रणाली करून दाखवली. मोठं यंत्र एकच, पण अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून ते एकाच वेळी वापरू शकत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि वापराचे तासही ठरलेले. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड.

त्याची चोरी व्हायला फार काळ लागला नाही. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. पंच कार्डावर फाइलचं नाव देऊन ती छापायला टाकता येते, हे त्याला ठाऊक होतं. १९६२ मधल्या एका शुक्रवारी रात्री त्याने चक्क पासवर्डची फाइलच छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलले. कुलूप फोडावं लागलंच नाही. सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे एका फायलीत लिहून ठेवलेले होते. १९६६ मध्ये तर चोराचीही गरज उरली नाही. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात रोजच्या सूचनेऐवजी पासवर्डची यादी येऊ लागली.

यावरचा उपाय 'युनिक्स' ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या मंडळींनी अमलात आणला. मूळ पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचं उलट फिरवता न येणारं रूप तेवढं ठेवायचं. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये त्याचा लेखाजोखा मांडला. त्यातला सर्वांत मोलाचा भाग माणसांच्या सवयींचा आहे. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी १५ एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. शब्दकोशात सापडणारे धरले, तर सुमारे ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे. तिजोरी पक्की झाली होती, किल्ली मात्र उंबरठ्यावरच पडलेली.

हे किती खरं होतं, ते मॉरिस यांच्या घरातूनच जगाला कळलं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांचा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला 'वर्म', म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला. प्रणालीतल्या चुकांचा फायदा तो घेत होताच, शिवाय पासवर्डही ओळखत होता: आधी खातेदाराचं नाव, मग तेच उलटं, मग सोबत आणलेल्या ४३२ शब्दांची यादी. वडील तेव्हा अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते.

पुढे नियमांचा भार वापरणाऱ्यांवर पडला: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदल. लोकांनी पळवाट काढली, जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा वाढवला. हा जाच अनाठायी होता आणि तो दूर व्हायला फार उशीर लागला. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्ये आपला सल्ला बदलला: पासवर्ड लांब असू द्या, फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहा आणि तो फुटल्याचा पुरावा नसेल तर बदलायला लावू नका.