तारप्याकडे पाठ करायची नाही

घरच्या घरी डान्स कार्डिओ शिकणाऱ्याची पहिली अडचण दम लागण्याची नसते, डाव्या-उजव्याची असते. पडद्यावरची बाई आपल्याकडे तोंड करून "लेफ्ट" म्हणते आणि तिचा पाय जातो आपल्या उजवीकडे. हे डोक्यात शिरेस्तोवर ती चार स्टेप्स पुढे गेलेली! काही शिक्षक म्हणून आपल्याकडे पाठ करून उभे राहतात. डावं-उजवं जुळतं. मात्र आपण त्यांना दिसत नाही (आधी तरी कुठे दिसत होतो म्हणा).

ही भानगड वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९६८ साली अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी पोर्तो रिकोतल्या हवाईदलाच्या तळावर जॅकी सोरेन्सन या नृत्यशिक्षिकेला तिथल्या सैनिकांच्या बायकांसाठी टीव्हीवर व्यायाम घ्यायला सांगण्यात आलं. तिने कूपरच्या हिशोबाला नाच जोडला. म्हणजे पडदा या प्रकरणात पहिल्या दिवसापासून आहे. पुढे १९८२ साली जेन फोंडाची व्हिडिओ कॅसेट आली, मग झुंबा, मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळे. असो.

आता कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे मोखाडा गाठा. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर पायांची इतकी मेहनत मागणारा एक नाच फार आधीपासून शिकला जातोय, आणि तोही पाड्यावरच्या अंगणात, म्हणजे घरीच. तारपा नाच. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बंद. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. नाच तासन् तास चालतो, कधी रात्रभर. नाचणाऱ्यांच्या कार्डिओचं जाऊ द्या, आधी त्या तारपकऱ्याच्या फुप्फुसांचा विचार करा!

नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि तारपकऱ्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नियम. चाल बदलली की पावलं बदलतात. "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" असं कोणी ओरडत नाही. पुढचा म्होरक्या चाल ओळखतो, त्याचं पाऊल बदलतं आणि तो बदल कमरेवरच्या हातांमधून मागे पोचतो. नवशिक्याला बघून नक्कल करावीच लागत नाही. दोन्ही बाजूंची माणसं ज्या दिशेला सरकतील तिकडे तोही ओढला जातो. सगळे एकाच दिशेला तोंड करून असल्याने डाव्या-उजव्याचा घोटाळा मुळातच नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सोरेन्सनचा टीव्ही म्हणजे ब्रॉडकास्ट, आणि ही साखळी म्हणजे पीअर टू पीअर. चूक झाली तर शेजाऱ्याला लगेच कळते. पडद्याला कधीच कळत नाही.

आपण शाळेत लेझीम खेळलो ते या दोन्हींच्या मधलं कुठेतरी. आकडे मोजायचे, पण रांगेत.

मात्र एक मोठा फरक राहतोच. आपण नाचतो ते कॅलरी घालवायला. तारपा वाजतो तो धान्य आल्यावर. भात तयार होऊ लागलं की तारपा बाहेर निघतो. वाघबारस, दिवाळी हे त्याचे दिवस. उरलेल्या वर्षात त्या पोटांचं काय होतं, हे १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. तिथे कुपोषणाने मुलं दगावली आणि त्यानंतर पुढची कित्येक वर्षं जव्हार-मोखाडा ही नावं पेपरात त्याच एका शब्दाला चिकटून आली. 'फॅट बर्न' हा शब्द त्या अंगणात उच्चारायची माझी तरी हिंमत होणार नाही.

आणि शिकण्याची मुदतही तेवढीच. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, मुलाबाळांसकट. अंगण तिथेच राहतं, साखळीतली माणसं पांगतात. ज्या नाचात शिक्षक म्हणजे शेजारचा माणूस, तिथे शेजारचा माणूसच गेला तर रेकॉर्डिंग असून उपयोग काय? तारप्याची धून आज स्पीकरवर वाजवता येते, पण स्पीकर नाचणाऱ्यांकडे बघून चाल बदलत नाही.

जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतातही आणि स्वतः बनवतातही. वाद्य वाडवडिलांकडून आलेलं. त्यांना संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या घरात होतं.

पुढच्या विकांताला व्हिडिओ लावाल तेव्हा एक प्रयोग करून बघा. घरातल्या कुणाच्या तरी कमरेला हात घाला, पडद्याकडे त्यालाच बघू द्या, आणि तुम्ही फक्त त्याच्या पावलांबरोबर जा.